शपथ, प्रतिज्ञा की वचन?

प्रश्न असा आहे: वधू नास्तिक, वर श्रद्धाळू. लग्नात दोघांनी एकच वाक्य म्हणायचं ठरलंय. मसुद्यात ‘आम्ही शपथ घेतो’ असं आहे आणि वधूला ‘शपथ’ खटकते. ‘प्रतिज्ञा’ चालेल का? आणि निमंत्रणावर ‘नास्तिक विवाह’ छापावं का?

वधूला खटकलं ते योग्यच आहे. ‘शपथ’ आली ‘शप्’ धातूपासून, ज्यापासून ‘शाप’ही आला. माझं बोलणं खोटं ठरलं तर माझं वाईट होवो, असा स्वतःवर ओढवून घेतलेला शाप म्हणजे शपथ. म्हणूनच ती कुणाची तरी घ्यावी लागते: देवाची, आईची, गळ्याची. रोजच्या वापरात हा अर्थ पुसट झालाय, पण गेलेला नाही. ब्रिटिश संसदेवर १८८० मध्ये निवडून आलेले चार्ल्स ब्रॅडलॉ नास्तिक होते. देवाची शपथ न घेता निष्ठा जाहीर करू द्या, एवढंच त्यांनी मागितलं आणि त्यावरून सहा वर्षं झगडा चालला. तशी मुभा देणारा कायदा १८८८ मध्ये झाला. आपल्या राज्यघटनेत ‘ईश्वरसाक्ष शपथ’ घ्यायची नसेल त्याला ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन’ करता येतं. शब्द अर्थाला चोख आहे, पण जोडीदारासमोर उभं राहून ‘दृढकथन करते’ म्हणणं फार कोरडं वाटेल.

‘प्रतिज्ञा’ ईश्वराच्या बाबतीत निर्धोक आहे. तरी मी ‘वचन’ सुचवेन आणि त्याचं कारण क्रियापदात आहे. शपथ आपण घेतो, प्रतिज्ञा करतो, वचन मात्र देतो. प्रतिज्ञा बंद खोलीत एकट्यानेही करता येते, ऐकणारं कुणी नसलं तरी ती पुरी होते. वचनाला समोर घेणारा माणूस लागतो. लग्नात तो समोर उभाच असतो! देव मानणाऱ्याला आणि न मानणाऱ्यालाही हा शब्द सारखाच बांधून ठेवतो.

‘नास्तिक विवाह’ मला पटत नाही. नास्तिक माणूस असतो, समारंभ नव्हे; आणि इथे दोघांपैकी एकच नास्तिक आहे. शिवाय ‘नास्तिक’ शब्दाला जुना इतिहास आहे. मनुस्मृतीत ‘नास्तिको वेदनिन्दकः’ म्हटलंय, म्हणजे तिथे कसोटी देवाची नसून वेदांची आहे. जगाचा कर्ता ईश्वर न मानणारं सांख्य दर्शन त्यामुळेच आस्तिकांत मोजलं जातं. देव न मानणारा एवढंच सांगायचं असेल तर ‘निरीश्वरवादी’ अधिक नेमका. निमंत्रणावर मात्र नुसतं ‘विवाह’ पुरे.

‘विधी’ शब्दाला घाबरू नये. वि आणि धा मिळून ‘घालून दिलेली रीत’ एवढाच त्याचा अर्थ, म्हणून तर विधिमंडळ आणि विधिज्ञ हे शब्द आहेत. ‘विधी नसलेलं लग्न’ असं कुणी म्हणालं तर ते चुकीचं ठरेल. वचन देणं हाही विधीच. वडीलधाऱ्यांचे ‘आशीर्वाद’ही खुशाल मागा. आशिस् म्हणजे भल्याची इच्छा, वाद म्हणजे ती बोलून दाखवणं. त्यात देव असलाच पाहिजे असं नाही, आणि आजीचा हात डोक्यावरून कशाला काढून घ्यायचा?

आता मसुद्यातलं ‘आम्ही’. माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे. मराठीत ‘आपण’मध्ये ऐकणारा येतो, ‘आम्ही’मध्ये तो बाहेर राहतो. ‘आम्ही वचन देतो’ म्हटलं की दोघं मिळून पाहुण्यांना वचन देतायत असं होतं. म्हणून दोघांनी एकामागून एक म्हणावं: ‘मी तुला वचन देते’, ‘मी तुला वचन देतो’. वराला वाटलं तर त्याने आपल्या वाक्याआधी ‘ईश्वरसाक्ष’ जोडावं. तिच्या वाक्याला त्याने धक्का लागत नाही.