घरटं नाही तिथलीही नोंद घ्या

बेळगाव जिल्ह्यातल्या हिडकल धरणाच्या बॅकवॉटरला उन्हाळ्यात उघड्या पडणाऱ्या जमिनीवर टिटवी, कंठेरी चिखल्या असले पक्षी अंडी घालतात, ती ठिकाणं मोबाईलवर टिपून पुढच्या वर्षी घरटी कुठं होतील ते सांगता येईल का, असं विचारलंय तुम्ही. येतं की. पण नुसती घरट्यांची ठिकाणं गोळा केली तर मॉडेल, म्हणजे या नोंदींवरून अंदाज बांधणारा संगणकाचा प्रोग्रॅम, एवढंच शिकणार की तुम्ही कुठं कुठं फिरलात, म्हणजे डांबरी रस्त्याजवळचा काठ "उत्तम" आणि पलीकडं जिथं कुणी जातच नाही तो काठ "बेकार".

अमेरिकेत भूगर्भ सर्वेक्षण खात्यानं अटलांटिक किनाऱ्यावरच्या पायपिंग प्लोव्हर या चिखल्याच्या जातीतल्या पक्ष्यासाठी आयप्लोव्हर नावाचं ॲप केलं, २०१४ मध्ये ते वापरात आलं. त्यात घरट्याजवळ उभं राहून जीपीएस, फोटो, आणि जमीन कसली, झाडोरा कुठला, किती दाट एवढंच ठरलेल्या पर्यायांतून निवडायचं, आणि हीच माहिती घरटं नसलेल्या, चिठ्ठी टाकल्यासारख्या निवडलेल्या जागांचीही घ्यायची. त्यावर बेझियन नेटवर्क मॉडेल (कशामुळं काय होण्याची शक्यता किती, हे जोडून बघणारं) बसवलं, समुद्र वर चढला तर घरट्याची जागा किती उरेल हे बघायला.

आपल्याकडं वेगळं ॲप बनवायच्या भानगडीत पडू नका, मोबाईलवर फॉर्म भरून माहिती गोळा करायचं कोबो टूलबॉक्स फुकट आहे, रेंज नसली तरी फॉर्म भरता येतो आणि एकच फॉर्म मराठी-कन्नड दोन्हीत ठेवता येतो. तिकडं मेंढरं घेऊन फिरणाऱ्या माणसाला घरटी आपल्यापेक्षा जास्त दिसतात, त्याला त्याच्या भाषेत फॉर्म द्या. मुरूम, वाळू, गाळ, खडी असे पर्याय द्या, मोकळी जागा लिहायला सोडू नका, दहा माणसं दहा तऱ्हेनं लिहितात.

समुद्रापेक्षा आपलं गणित अवघड का, तर धरणाचं पाणी रोज खाली जातं. मार्चमध्ये पाण्यापासून वीस पावलांवरचं घरटं मे महिन्यात कोरड्या रानात पडलेलं असतं. म्हणून तारीख, त्या दिवशीची धरणाची पातळी आणि पाण्यापासूनचं अंतर हे तीन रकाने हवेतच. सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात, १० मीटरचा एक पिक्सेल, दर पाचेक दिवसांनी नवीन चित्र, उन्हाळ्यात ढग कमी म्हणून पाण्याची कड छान निघते. फोनचं जीपीएस मोकळ्या रानात साधारण ५ मीटर इकडंतिकडं दाखवतं, एवढं चालतं. नदी सुरय हा पक्षी बेटांवर अंडी घालतो, पाणी उतरून बेट काठाला जोडलं की कुत्री चालत जातात, तेव्हा "बेट आहे का" हाही प्रश्न घाला. गाळपेर, म्हणजे पाणी उतरलेल्या गाळात पेरणी, झालीय का तेही. नांगर फिरला की घरटं संपलं, तिथं मॉडेल काय करणार?

मॉडेल तपासताना सगळी माहिती मिसळून त्यातली थोडी बाजूला काढू नका, जवळजवळच्या जागा सारख्याच असतात त्यामुळं निकाल उगीच भारी दिसतो. एक अख्खा काठ बाजूला ठेवा आणि त्यावर अंदाज चालतोय का बघा.

आणि घरट्याचं नेमकं ठिकाण व्हॉट्सॲपवर टाकू नका हो, फोटोवाले लगेच पोचतात. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकायचं तर ठिकाण धूसर करायची सोय आहे, ती वापरा. अंड्याजवळ मिनिटभरापेक्षा जास्त थांबायचं नाही, दुपारी तर जायचंच नाही, पक्षी उठला की उन्हात अंडी भाजतात आणि कावळे तर बघतच असतात. वनखात्याला आधी एक अर्ज देऊन ठेवा.