वाचकांचे प्रश्न : आठ हजारांत पहिला सूट

मुलाखतींचे दिवस आणि लग्नसराई दरवर्षी एकमेकांच्या पायात येतात. यंदाच्या पत्रांतही कोट-पँटचेच प्रश्न जास्त आहेत. त्यातले निवडक घेतले आहेत.

मी जिंतूरचा, शिकायला छत्रपती संभाजीनगरला असतो. मुलाखतींसाठी पहिलाच सूट घ्यायचाय. बूट-शर्टासकट आठ हजारांवर जाता येणार नाही. रेडिमेड घ्यावा की कापड घेऊन शिवावा? — एम.बी.ए. प्रथम वर्ष

या पैशांत रेडिमेडच घ्या. कोट शिवणारा कारागीर वेगळा असतो. पँट-शर्ट उत्तम शिवणारी कितीतरी दुकानं कोटाचं काम बाहेर देतात, म्हणजे माप एकानं घेतलं, कापलं दुसऱ्यानं आणि शिवलं तिसऱ्यानं. कच्च्या शिलाईवर एक ट्रायल झाली तर त्यातल्या चुका निघतात. पण कमी शिलाईत आणि लग्नसराईच्या घाईत ती ट्रायलच गळते. मग तयार कोट हातात येतो तेव्हा मुंढा, म्हणजे बाही जोडण्याचा काखेचा गोल, खाली उतरलेला असतो आणि हात वर केला की अख्खा कोट वर येतो. मुंढा एकदा जास्त कापला गेला की तिथं कापड परत येत नाही.

हिशेबही शिवण्याच्या बाजूनं नाही. ५८ इंच पन्ह्याचं कापड टू-पीसला सव्वातीन मीटर लागतं, उंची सहा फुटांच्या आसपास असेल तर साडेतीन. चारशे रुपये मीटरचं साधं कापड धरलं तरी तेराशे झाले. त्यावर बऱ्या कारागिराची शिलाई तीन ते पाच हजार. अस्तर, बक्रम (आतलं ताठ कापड), बटणं त्यात धरलीत का, हे आधी विचारावं लागतं, नाहीतर बिलात ती वेगळी उगवतात.

आठ हजारांची वाटणी साधारण अशी करा : सूट ५,०००, दुरुस्ती ५००, पांढरा किंवा फिकट निळा शर्ट ८००, काळे लेसचे बूट १,३००, टाय-बेल्ट-मोजे ४००. दुरुस्तीचे पाचशे सुटावर उडवू नका. पाच हजारांचा सूट अंगाला बसवून घेतला तर न बसवलेल्या दहा हजारांच्या सुटापेक्षा बरा दिसतो.

पाहायला सुरुवात गुलमंडी, टिळक पथ, पैठण गेट या पट्ट्यातून करा. निराला बाजार, कॅनॉट किंवा मॉलमधल्या ब्रँडच्या दुकानांत आधी नुसते कोट घालून पाहा, म्हणजे आपला साइज आणि चांगल्या खांद्याचा अंदाज येतो. खरेदी सेलमध्ये करा. आषाढात गिऱ्हाईक कमी असतं, जून-जुलैत ब्रँडवालेही जुना माल काढतात आणि जानेवारीत पुन्हा एक सेल येतो. रेडिमेड कपड्यावर २२ सप्टेंबर २०२५ पासून नगामागे अडीच हजारांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी आहे. छापील एमआरपीत तो धरलेला असतो. काउंटरवर एमआरपीच्या वर कर मागितला तर देऊ नका.

रंग नेव्ही ब्लू, साधा, चौकडी नाही. काळा कोट दुकानाच्या दिव्यात झकास आणि दिवसा उन्हात मळकट दिसतो. स्वस्त कापडात तर जास्तच.

माझी छाती ३८ आणि कंबर २८ आहे. सुटाचा कोट बसतो तर पँट ढगळ होते. दुकानदार म्हणतो, कंबर आत घेऊन देतो. चालेल का? — बी.कॉम., परभणी

नाही चालणार. रेडिमेड सुटात पँटची कंबर छातीच्या मापापेक्षा बहुधा सहा इंचांनी कमी ठेवलेली असते. ३८ च्या कोटाबरोबर ३२ ची पँट. मागच्या शिवणीतून दीड, फार तर दोन इंच आत जातात. तुम्हाला चार हवेत. तेवढं घेतलं की मागचे दोन्ही खिसे एकमेकांना भिडतात, आसन (पँटचा बैठकीचा भाग) वाकडं होतं आणि बाजूची शिवण मागं सरकते. तुम्ही कोट आणि पँट सुटे विकणारं दुकान शोधा, एकाच कापडात कोट ३८ आणि पँट २८ किंवा २९ असे घ्या. दोन्ही नग दुकानाबाहेर उन्हात नेऊन शेजारी धरा. वेगळ्या लॉटचा नेव्ही आतल्या पांढऱ्या दिव्यात सारखा दिसतो, बाहेर एक जांभळट निघतो. परवडलं तर पँट दोन घ्या, कारण कोटाच्या खूप आधी पँट मांड्यांच्या आतून झिजते आणि तोच रंग नंतर मिळत नाही.

आता कोट. आधी खांदा पाहायचा, मग बाकीचं. भिंतीला बाजूनं टेकून उभे राहा. दंडाच्या आधी खांद्याचं पॅड भिंतीला लागलं तर कोट मोठा. खांद्याखाली बाहीवर खळगा पडला तरी मोठाच. खांदा बदलायचा तर बाही आणि अस्तर उसवून पॅड काढावं लागतं. दुरुस्तीवाले त्याला हात लावत नाहीत, आणि लावला तर पैसे कोटाच्या निम्म्यात जातात. म्हणून खांदा बसत नसेल तर ऐंशी टक्के सूट असली तरी कोट परत टांगा.

मग दोन बटणांपैकी वरचं लावा. खालचं कधीच लावायचं नसतं, कोटाचा कट तसाच असतो. बटणावर फुलीसारख्या सुरकुत्या ताणल्या तर कोट लहान. पोट आणि बटणाच्या मधे मूठ सहज मावून वर जागा उरली तर मोठा, पण हे बाजूच्या शिवणींतून आत घेता येतं. मानेमागे शर्टाची कॉलर आणि कोटाची कॉलर यांत फट राहत असेल तर तो कोट तुमच्या पाठीचा नाही. ही दुरुस्ती महाग पडते. हात खाली सोडल्यावर शर्टाची कफ अर्धा इंच बाहेर दिसावी. बाही इंच-सव्वा इंच लहान करता येते, त्याहून जास्त केली तर कफवरची बटणं अगदी काठाला येतात. बटणांची काजं खरी कापलेली असतील तर बाही खालून लहान करायचा विचारच सोडा. कोटाची लांबी मागून कुल्ले झाकेल इतकी. ती दुरुस्तीला देऊ नका, खिसे खाली राहून कोट बुटका दिसतो.

बाही आणि बाजू मिळून चारशे-पाचशेत काम होतं. पँटची मोहरी, म्हणजे पायाची खालची रुंदी, वेगळी करून घ्या, सात-साडेसात इंच ठेवा. घरी आल्यावर बाहीवरचं कंपनीचं लेबल, कोटाच्या मागच्या उघड्या चिरेवरचा फुलीचा टाका आणि खिशांची कच्ची शिवण उसवायची असते. लेबल मिरवत मुलाखतीला जाणारे दर वर्षी दिसतात.

दुकानदार ‘सुपर १२०’ म्हणून कापड दाखवतो, मीटरला ३५० रुपये. घ्यावं का? — नांदेड

हा आकडा लोकरीच्या धाग्याचा बारीकपणा सांगतो. सुपर १०० म्हणजे १८.७५ मायक्रॉनपर्यंतची, सुपर १२० म्हणजे १७.७५ पर्यंतची लोकर. ३५० रुपयांत तशी लोकर मिळत नाही. ते पॉलिस्टर-व्हिस्कोस असणार, काठावर काहीही छापलेलं असो. पॉलिस्टर-व्हिस्कोस वाईट नाही. विद्यार्थ्याला तेच सोयीचं, फक्त त्याच्याच भावात घ्या. कापड मुठीत दाबून दहा सेकंदांनी सोडा. घडी तशीच राहिली तर व्हिस्कोस जास्त आहे, एसटीत बसून उतरलात की मांडीवर सुरकुत्या दिसतील. तिरपं धरल्यावर फार चकाकलं तर तेही नको, फोटोत चमकतं.

मुलींनी काय घ्यावं? कॉलेजनं नोटिशीत नुसतं ‘फॉर्मल्स’ लिहिलंय. — बी.टेक., लातूर

कोट-पँटच हवी असं नाही. नेव्ही किंवा राखाडी ब्लेझर एक, त्याखाली सरळ पँट आणि शर्ट किंवा सरळ कुर्ता, दोन्ही चालतं. ब्लेझर घेताना खांद्याची वरचीच कसोटी लावा. शिवाय छातीवर बटण लावून खुर्चीत बसून पाहा. मुलींच्या स्वस्त ब्लेझरांत पुढून कापड वाचवलेलं असतं, बसल्यावर बटण ताणतं. खिसे खरे आहेत का, तेही बोट घालून पाहा. पँट मात्र शिवून घ्या. कंबर आणि नितंबाच्या मापांतला फरक रेडिमेडमध्ये क्वचितच जुळतो आणि पँटची शिलाई चारशे ते सातशेत होते. दीड इंचाचं मार्जिन आत ठेवायला सांगा.

मे महिन्यात दुपारी मावसभावाचं लग्न आहे. त्याच सुटात जाऊ का? — बीड

चाळीस अंशांच्या पुढच्या उन्हात, पॉलिस्टरच्या अस्तरात? सुती कुर्त्यावर हिमरूची (रेशीम-सुती नक्षीच्या कापडाची) बंडी घाला. हातमागाची महाग पडते, यंत्रमागाची विद्यार्थ्याला पुरते. रात्रीचं रिसेप्शन असेल तर सूट घाला. एका रात्रीपुरता भारी सूट भाड्यानं आणायला हरकत नाही, पण अनामत देताना कोटावर आधीपासून असलेले डाग पावतीवर लिहून घ्या.

वर्षभरात माझ्या कोटाच्या छातीवर बुडबुडे आले आणि पँट चकाकायला लागली. कोट एकदाच घरी धुतला होता. — संभाजीनगर, वसतिगृह

बुडबुडे धुतल्यामुळेच आले. या भावातल्या कोटाच्या छातीत आणि लॅपेलमध्ये (कॉलरखालच्या दुमडलेल्या पट्टीत) गोंदाचं बक्रम गरम प्रेसनं चिकटवलेलं असतं. पाणी लागलं की वरचं कापड आणि बक्रम सारखं आटत नाहीत, गोंद सुटतो आणि तिथं फुगे येतात. ओल्या फडक्यावरून इस्त्री दाबली तर छोटा फुगा काही दिवस बसतो, मोठा बसत नाही. पुढचा कोट धुऊ नका. घालून आल्यावर रुंद खांद्याच्या हँगरवर रात्रभर उघडा टांगा, धूळ ब्रशनं काढा आणि वर्षातून दोन-तीनदाच ड्रायक्लीन करा. पँट लेबलवर धुण्याची खूण असेल तर उलटी करून गार पाण्यात धुता येते.

चकाकी थेट इस्त्रीनं येते. पॉलिस्टरचे तंतू तापून चपटे होतात आणि प्रकाश परतवतात. ती परत जात नाही. यापुढे मध्यम इस्त्री, मधे ओलसर सुती फडकं, आणि इस्त्री घासायची नाही, ठेवून उचलायची.

मुलाखतीला पुण्याला रात्रीच्या गाडीनं जाणार असाल तर कोट अंगावर घालून झोपू नका. एक खांदा उलटा करा, दुसरा सुलटा खांदा त्यात बसवा, म्हणजे अस्तर बाहेर येतं. मग लांबीत एक घडी घाला, आत टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि बॅगेत सगळ्यात वर ठेवा. उतरल्यावर आंघोळ करताना कोट न्हाणीघरात टांगला तर गरम पाण्याच्या वाफेनं बऱ्याच सुरकुत्या सुटतात. नंतर वाळायला किमान अर्धा तास द्या.