लोक अडाणी नव्हते, तापाचं खरं कुणी सांगितलं नव्हतं

दादा, तुम्ही विचारलंय की कोरोनात आपल्या मराठवाड्यात लोक लसीला एवढे का भ्याले, अडाणीपणाच होता का. मी अंबाजोगाईकडल्या एका गावात झेडपीच्या शाळेवर मास्तर आहे, २०२१ ला घरोघरी याद्या करायची ड्युटी आम्हालाच होती, जे बघितलं ते सांगतो.

अडाणी कसं म्हणावं, ज्या म्हाताऱ्या आमच्या तोंडावर दार लावायच्या त्यांनीच नातवंडं कडेवर घेऊन पोलिओच्या बूथवर नेलेली. झालं काय, पहिल्या कॅम्पला "काई होत नाही मावशी, मुंगी चावल्यावानी लागतं" एवढंच सांगून सुई टोचली, अन रात्री चार घरात माणसं तापानं फणफणली. सकाळी पारावर एकच चर्चा, धडधाकट माणूस सुईनं आजारी पडायलंय. त्यात ऐन खुरपणी, दोन दिवसाचा रोज बुडाला तर देणार कोण?

मग आमच्या आशाताईनं बोलायची पद्धतच बदलली. सांजच्याला ताप येईल, दंड ठणकेल, ही गोळी घ्या, दोन दिवसात उतरलं नाही तर मला फोन करा, अन बाजाराच्या आदल्या दिवशी या म्हणजे कामाचा खाडा पडणार नाही. ताप आला की त्याच बाया म्हणायच्या, ताई म्हणली तसंच झालं बगा! एका नानांनी मला विचारलं, मास्तर तुम्हाला किती आला? म्हणलं एकशे दोन, दोन दिवस आडवा होतो. पुढच्या कॅम्पला नाना काकूला घेऊन हजर.

लसीनंच कोरोना होतो हे मात्र साफ खोटं. कोवॅक्सिनमधी मारलेला विषाणू होता, कोविशिल्डमधी चिंपांझीच्या सर्दीचा, तोही शरीरात वाढू नये असा केलेला. ताप येतो तो शरीर ओळख पटवून तयारीला लागतं म्हणून. लस घेऊनही काहींना कोरोना झाला हे खरंच आहे, पण मुख्य काम माणूस ऑक्सिजनवर जाऊ नये हे होतं, अन ते तिनं केलं.

सरकारी कारभारानं पण गोंधळ वाढवला. कोविशिल्डचा दुसरा डोस आधी ४ ते ६ आठवड्यांनी, मार्चमधी ६ ते ८, मे महिन्यात १२ ते १६. जास्त अंतरानं लस चांगली काम करते असं चाचण्यात दिसलं होतं खरं, पण तुटवडा नेमका तेव्हाच, मग लोकांना शंका येणारच की. अन एका बाटलीत १० डोस, फोडली की ४ तासात संपवायची, म्हणून सिस्टर म्हणायच्या दहा जण जमू द्या, आणि तीन कोसावरून आलेली म्हातारी परत जायची. एकदा परत गेलेलं माणूस दुसऱ्यांदा येत नाही हो. उलट मे महिन्यात शहरातली पोरं ऑनलाइन स्लॉट धरून कार घेऊन आमच्या केंद्रावर यायची, गावातले बघत बसायचे.

नोव्हेंबरात औरंगाबाद जिल्ह्यात तर लसीशिवाय रेशन-पेट्रोल नाही असा आदेशच निघाला. रांगा वाढल्या असतील, पण रेशन अडवून लसीवर भरवसा बसतो हे मला काही पटत नाही.

राहिलं तुमचं, लसीनं हार्ट अटॅक येतो का हे. २०२४ ला अ‍ॅस्ट्राझेनेकानं, म्हणजे कोविशिल्ड मूळ जिची त्या कंपनीनं, ब्रिटनच्या कोर्टात मान्य केलं की फार क्वचित रक्ताच्या गुठळ्या होऊन प्लेटलेट कमी होऊ शकतात, पण ते डोसनंतर काही दिवस-आठवड्यातच दिसतं. तुमच्या चुलत्यांना तीन वर्षांनी अटॅक आला म्हणता, त्याचा याच्याशी मेळ बसत नाही. त्यांची शुगर-बीपी कधी तपासलेली का, ते आधी विचारा.