माळ्यावरच्या ट्रंका आणि महाविद्यालयाचे अभिलेखागार

प्रश्न : माझे वडील मुंबईतील एका वैद्यकीय महाविद्यालयात शरीरविकृतिशास्त्राचे प्राध्यापक होते. गेल्या वर्षी ते वारले. आमची इमारत पुनर्विकासासाठी रिकामी करायची आहे आणि माळ्यावर त्यांच्या कागदांनी भरलेल्या दोन ट्रंका आहेत. महाविद्यालय आपल्या अभिलेखागारासाठी माजी अध्यापकांचे कागद जमवत आहे. छापील शोधनिबंध नीट लावून द्यावेत आणि उरलेले रद्दीत घालावे, असा माझा विचार आहे. तो योग्य ठरेल का?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : कृपया रद्दीवाल्याला इतक्यात बोलावू नका. आपण जे टाकू पाहत आहात, तेच अभिलेखागाराला हवे असते. मुंबईतील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांचा सर्पगंधा ही औषधी वनस्पती आणि रक्तदाब यांवरील निबंध १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापला गेला आणि तो आजही ग्रंथालयातून मिळवता येतो; परंतु असा कोणताही निबंध सिद्ध होण्यापूर्वी लेखकाला कोणत्या शंका आल्या, कोणते निदान चुकले आणि सहकाऱ्यांशी कशावरून वाद झाला, हे छापील पानांत क्वचितच उतरते. ते टाचणवह्यांत, पत्रांच्या कच्च्या खर्ड्यांत, विभागाच्या बैठकींच्या टिपणांत, व्याख्यानाच्या समासात खरडलेल्या ओळींत सापडते. सायक्लोस्टाइल केलेल्या प्रश्नपत्रिकाही द्याव्यात. त्या काळी विद्यार्थ्यांकडून काय अपेक्षित होते, हे त्यांवरून समजते.

कागद नव्याने लावण्याचा मोह मात्र टाळावा. वडिलांनी कोणते पत्र कोणत्या फायलीत ठेवले, यालाही अर्थ असतो आणि तो एकदा विस्कटला की परत जुळवता येत नाही. गंजलेल्या टाचण्या आणि रबरबँड तेवढे हलक्या हाताने काढावेत. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये. ठाण्याच्या पावसाळ्यात ट्रंका जमिनीलगत ठेवू नयेत, हे सांगायला नकोच.

खरी काळजी रुग्णांच्या नावांची घ्यावी लागते. शवविच्छेदनाची टिपणे किंवा केसपेपर आढळल्यास ते फाडू नयेत, नावांवर काळी शाईही फिरवू नये. वेगळ्या लिफाफ्यात घालून, आत काय आहे ते वर लिहून महाविद्यालयाला स्पष्ट कल्पना द्यावी. दाखल रुग्णांचे कागद किमान तीन वर्षे जपावेत, एवढेच २००२ च्या वैद्यकीय आचारनियमावलीत सांगितले आहे. त्यामुळे रुग्णालयातील मूळ कागद आज उरलेलेच नसतील आणि आपल्याकडील टिपण एकमेव असेल, अशीही शक्यता आहे. ते संशोधकांना किती वर्षांनी दाखवायचे, हे दानपत्रात आधीच लिहून घ्यावे. नुसत्या पोचपावतीवर ट्रंका सुपूर्द करू नयेत.

इतरांनी वडिलांना लिहिलेली पत्रे आपण देऊ शकता. मात्र १९५७ च्या कायद्यानुसार त्यांतील मजकुराचा स्वामित्वहक्क सामान्यतः पत्रलेखकाकडे आणि त्याच्या पश्चात वारसांकडे राहतो, म्हणून ती छापण्याची परवानगी आपण देऊ नये.

ट्रंकांत विभागाची समूहछायाचित्रे असतील, तर ती पाठवण्यापूर्वी आपल्या मातोश्रींना किंवा वडिलांच्या एखाद्या जुन्या सहकाऱ्याला दाखवावीत आणि कोण कुठे उभे आहे ते स्वतंत्र कागदावर पेन्सिलीने लिहून घ्यावे. हे काम महाविद्यालयाला नंतर करता येणार नाही.