शेअर सर्टिफिकेटवर आईचं नाव आहे, तरी काकांची सही लागेल

प्रश्न: डोंबिवलीचा फ्लॅट बाबांनी 1989 मध्ये स्वतःच्या पगारातून घेतला. ते 2019 मध्ये वारले, मृत्युपत्र नाही. आई नॉमिनी असल्यामुळे सोसायटीने शेअर सर्टिफिकेटवर तिचं नाव चढवलं. आता 62 लाखांना गिऱ्हाईक मिळालंय. आईने 2 लाख घेऊन इसारपावतीवर सही केली आहे, मुदत 60 दिवसांची. पण गिऱ्हाइकाची बँक सगळ्या वारसांचे कागद मागते. आम्ही दोघी बहिणी आणि एक भाऊ. भाऊ न्यू जर्सीत असतो. एजंट म्हणतो, भावंडांची 500 च्या स्टँपवर नोटरी केलेली एनओसी पुरेल. काका पुण्यात आहेत. आजी 2021 मध्ये साताऱ्याला आत्याकडे वारली, पण तिचा यात संबंध येत नाही. काय करावं?

उत्तर:

ताई, पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही शेवटी जाता जाता लिहिली आहे. आजीचा संबंध येतो.

हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मृत्युपत्र न करता पुरुष वारला की त्याची पत्नी, मुलगे, मुली आणि त्याची आई हे सगळे एकाच पायरीवरचे वारस असतात. बाबा गेले त्या दिवशी आजी हयात होत्या. म्हणजे फ्लॅटचे पाच सारखे वाटे पडले: आई, तुम्ही तिघं भावंडं आणि आजी. पुढे आजी गेल्या तेव्हा त्यांचा पाचवा वाटा त्यांच्या वारसांकडे आला. तो काका, आत्या आणि बाबांच्या जागी तुम्ही तीन भावंडं, असा तीन ठिकाणी विभागला गेला. काका आणि आत्या यांचा आज प्रत्येकी पंधरावा हिस्सा आहे. 62 लाखांत तो माणशी चार लाखांच्या वर जातो. आजोबा आजींच्या आधी गेले होते आणि आजींनीही मृत्युपत्र केलेलं नव्हतं, असं मी धरून चालले आहे. तसं नसेल तर हिशेब बदलेल. आजींच्या ट्रंकेतले कागद एकदा नीट बघून घ्या.

आता शेअर सर्टिफिकेट. तुम्ही पाठवलेल्या फोटोत मागच्या तक्त्यात आईच्या नावापुढे सेक्रेटरींनी निळ्या शाईत 'नामनिर्देशनाने' असं लिहिलंय. तो एक शब्द नीट वाचा. नॉमिनी म्हणजे सोसायटीने कोणाशी व्यवहार करायचा ते माणूस, मालक नव्हे. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम 154ब-13 मध्ये तर स्पष्ट म्हटलंय की खरे वारस सभासद होईपर्यंत नॉमिनी हा तात्पुरता सभासद असतो. सोसायटीचं चुकलेलं नाही आणि बँकही अडवणूक करत नाहीये.

एजंटाची नोटरी एनओसी कृपा करून घेऊ नका. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावरातला हक्क सोडायचा तर दस्त नोंदवावाच लागतो, असं 1908 चा नोंदणी कायदा सांगतो. नोटरीच्या शिक्क्याने हक्क सुटत नाही. उद्या भावंडांपैकी कोणाचं मन फिरलं तर तुमची आई वयाच्या या टप्प्यावर कोर्टाच्या पायऱ्या चढेल. मला काळजी वाटते ती याची.

कोणता कागद करायचा हे ठरवण्याआधी घरात बसून एकच ठरवा: पैसे कोणाला जाणार? सगळे आईला द्यायचे असतील तर बाकीच्यांनी आईच्या लाभात नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावं आणि मग आईने एकटीने विक्री करावी. मोबदला न घेता जवळच्या नात्यात केलेल्या हक्कसोडपत्राला मुद्रांक नाममात्र लागतो. काका-आत्यांचं हक्कसोड वहिनीच्या, म्हणजे तुमच्या आईच्या, नावे होणार असल्यामुळे सवलत बसते की नाही याचा आधी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडून अभिनिर्णय, म्हणजे किती मुद्रांक लागेल याचा लेखी निर्णय, करून घ्या. मात्र पैसे वाटून घ्यायचे असतील तर हक्कसोडपत्र करूच नका. फुकट हक्क सोडल्याचं लिहायचं आणि मागून पैसे द्यायचे, हा कागद खोटा होतो, शिवाय भांडवली नफ्याचा सगळा कर आईच्या माथी बसतो. अशा वेळी साठेकरार (विक्रीचा आधीचा करार) आणि खरेदीखतात सगळ्यांनीच 'लिहून देणार' म्हणून सह्या कराव्यात आणि ज्याच्या त्याच्या हिश्श्याचा धनादेश ज्याच्या त्याच्या खात्यात जावा. तुमच्या पत्रावरून मला हाच रस्ता बरा वाटतो, कारण काका-आत्यांनी आपला हिस्सा सोडावा ही अपेक्षा तुम्ही गृहीत धरू नये.

भावासाठी: तिथल्या नोटरीसमोर कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी) करून त्यावर अपोस्टील, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून तिथलं सरकार देतं ते प्रमाणपत्र, घ्यायला सांगा. ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथला मुद्रांक भरा. तो विकणाऱ्यांत असेल तर आणखी एक गोष्ट. व्यवहार 50 लाखांच्या वरचा असल्याने तुमच्या हिश्श्यातून गिऱ्हाईक 1 टक्का टीडीएस कापेल, पण अनिवासी भावाच्या हिश्श्यातून बराच जास्त कापावा लागतो. त्याने कमी कपातीचा दाखला आयकर खात्याकडे आताच मागावा, त्याला वेळ लागतो.

1989 चा मूळ करार काढून त्यावरची नोंदणी आणि मुद्रांक तपासा. 10 डिसेंबर 1985 नंतरच्या करारावर पूर्ण मुद्रांक हवा, आणि तो कमी पडलेला असेल तर बँकेचा वकील तिथेच थांबवेल. सोसायटीची हस्तांतर फी महापालिका हद्दीत 25,000 च्या वर मागितली तर देऊ नका.

गिऱ्हाइकापासून काही लपवू नका. इसारपावतीत आई एकटी मालक म्हणून लिहिली गेली असेल, तर आजच पत्र देऊन सगळे वारस कळवा आणि पुरवणी करार करून मुदत वाढवून घ्या. गिऱ्हाइकाला घर खरंच हवं असेल तर ते थांबेल. थांबायचं नसेल तर 2 लाख परत करून मोकळं व्हा.

आणि वकिलाची नोटीस पाठवण्याआधी काकांना स्वतः फोन करा. आत्यांचं वय बघता त्या डोंबिवलीपर्यंत येऊ शकणार नाहीत असं वाटतं. तब्येतीमुळे बाहेर पडणं जमत नसेल तर त्यांच्या कुलमुखत्यारपत्रासाठी साताऱ्याचे दुय्यम निबंधक घरी येऊ शकतात, तसा अर्ज डॉक्टरांच्या दाखल्यासह द्यावा लागतो. त्या दिवशी तुम्ही स्वतः जा, आणि सही घेण्याआधी त्यांच्या हिश्श्याचा आकडा आणि पूर्ण मजकूर त्यांना मोठ्याने वाचून दाखवा.