सगळ्या पंथांचे ख्रिस्ती एकत्र येतील का? नवापूर तालुक्यात सर्व मंडळ्यांची (चर्चांची) समिती करायची आहे, सुरुवात कुठून करावी?

समिती होईल हो. नाताळची रॅली, गुड फ्रायडेची उपासना, दफनभूमीच्या जागेसाठी तहसीलला अर्ज, एवढ्यासाठी सगळे जमतात. आमच्या भुसावळातही जमतात. गाडी अडते ती बाप्तिस्म्यावर, म्हणजे ख्रिस्ती होण्याच्या पाण्याच्या विधीवर, आणि बैठकीत तो विषय कुणी काढत नाही. म्हणून मी काढते.

आम्ही रेल्वेवाले. आईचा बाप्तिस्मा तान्हेपणी झाला, पुढे कळत्या वयात दृढीकरण झालं, म्हणजे तिने तो विश्वास स्वतः कबूल केला, आणि सगळं आयुष्य सी.एन.आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीत गेलं. माझा मोठा भाऊ नोकरीसाठी जळगावला गेला आणि तिथल्या एका स्वतंत्र फेलोशिपमध्ये जाऊ लागला. दारू सुटली, घरात रोज प्रार्थना होऊ लागली, आई खूश होती. एकदा त्याच्याकडे राहायला गेलो तेव्हा रविवारी आम्ही दोघीही त्याच्याबरोबर गेलो. प्रभुभोजनाची, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीत वाटतात त्या भाकरीची, थाळी ओळीतून पुढे येत होती. आईने हात पुढे केले, डाव्या तळव्यावर उजवा, आमच्याकडे वेदीपुढे करतात तसे. पास्टरांनी थाळीवर पंजा आडवा धरला आणि थाळी पलीकडच्या मुलीला दिली. म्हणाले, "आंटी, आधी बाप्तिस्मा घ्या, मग." तान्हेपणीचा बाप्तिस्मा ते धरत नाहीत. आईचे हात काही वेळ तसेच उघडे राहिले. दादा शेजारीच होता. ज्या बाईने त्याला 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' बोटाला धरून शिकवलं, तिच्यासाठी तो एक शब्द बोलला नाही.

घरी येऊन तिने कळण्याच्या भाकरी थापल्या, सगळ्यांना वाढलं, आणि मग मला एवढंच विचारलं, "मग इतकी वर्षं मी कोण होते गं?"

लोक म्हणतात कॅथलिकच सगळ्यात ताठर. मला उलट दिसलं. शेजारच्या कॅथलिक मुलीच्या लग्नाच्या मिस्साला आम्ही गेलो, तेव्हा फादरांनी आधीच आईला बाजूला घेऊन सांगितलं की तुम्हाला ख्रिस्तप्रसाद देता येणार नाही, आमचा नियम आहे, पण रांगेत या, आशीर्वाद देतो. तो नियम मला पटत नाही, आजही नाही. पण त्यांनी तिला बाप्तिस्मा न झालेली बाई ठरवलं नाही. कॅथलिकांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 मध्येच मान्य केलंय की ज्यांचा रीतसर बाप्तिस्मा झालाय त्यांचं कॅथलिक मंडळीशी नातं आहे, अपुरं असलं तरी खरं. आपल्यातला कुणी उद्या कॅथलिक झाला आणि त्याचा बाप्तिस्मा पाण्याने, पिता, पुत्र व पवित्र आत्म्याच्या नावाने झालेला असेल, तर ते पुन्हा देत नाहीत. दोघांनीही भाकर नाकारली, पण एकाने बहीण म्हणून नाकारली आणि दुसऱ्याने परकी म्हणून.

आणि हे जमत नाही असं कुणी सांगू नये. सी.एन.आय.ची बोलणी 1929 ला सुरू झाली आणि 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा मंडळ्या एक झाल्या. त्यात बाळांना बाप्तिस्मा देणारे अँग्लिकन होते आणि मोठ्यांनाच देणारे बॅप्टिस्ट व ब्रेदरनही होते. दोन्ही पद्धती ठेवल्या, ज्याला जी पटेल ती. अमेरिकन परंपरेचे मेथॉडिस्ट शेवटच्या टप्प्यावर मागे फिरले, तरी बाकीचे थांबले नाहीत. पुढे 1982 मध्ये पेरूतल्या लिमा शहरात जागतिक चर्च परिषदेच्या धर्मपंडितांनी, त्यात कॅथलिकही होते, स्पष्ट लिहिलं की बाप्तिस्मा एकदाच, आणि पुनर्बाप्तिस्मा वाटेल असं काहीही टाळावं.

दादाचं म्हणणं ठरलेलं: बाळाला विश्वास काय कळतो, बायबलात प्रेषितांच्या कृत्यांत आठव्या अध्यायात फिलिप्पाने षंढाला विश्वासानंतरच पाण्यात उतरवलं. बरोबर आहे. पण सोळाव्या अध्यायात फिलिप्पै शहरातल्या तुरुंगाधिकाऱ्याच्या सगळ्या घरादाराचा बाप्तिस्मा रातोरात झाला, तिथे कुणाचं वय विचारलं? आणि आईने दृढीकरणाच्या वेळी भर मंडळीत स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल केला, तो कुठे गेला? याचं उत्तर दादाने अजून दिलेलं नाही.

सगळ्याच स्वतंत्र मंडळ्या अशा नाहीत हेही सांगते. आईच्या आजारपणात रात्री दवाखान्यात बसणारे लोक दादाच्या फेलोशिपचेच होते. आणि पाण्यात बुडवून बाप्तिस्मा घेणं चूक आहे असं माझं म्हणणं मुळीच नाही.

तर सुरुवात. रॅलीचा मार्ग आणि मंडपाचा खर्च नंतर बघा. पहिल्याच बैठकीत ठराव लिहून घ्या की एकमेकांचा बाप्तिस्मा आम्ही मानतो आणि दुसऱ्या मंडळीच्या सभासदाला पुन्हा बाप्तिस्मा देणार नाही. फादर, पाळकसाहेब, पास्टर, सगळ्यांच्या सह्या घ्या. जो सही करणार नाही त्याला नाताळच्या रॅलीत जरूर घ्या, पदाधिकारी मात्र करू नका. बैठक 18 ते 25 जानेवारीच्या आठवड्यात ठेवा. जगात बऱ्याच ठिकाणी तो ख्रिस्ती ऐक्याच्या प्रार्थनेचा आठवडा असतो, कॅथलिकही पाळतात, त्यामुळे फादरांना बोलावणं सोपं जाईल.