सर्टिफिकेट आहे, पण की कुठाय?

प्रश्न: मी सी शार्प या प्रोग्रामिंग भाषेत काम करतो. रोज रात्री पेमेंटची फाइल क्लायंटच्या एफटीपीएस (फाइल एन्क्रिप्ट करून पाठवायची पद्धत) सर्व्हरवर टाकायची असते आणि आता त्यांनी क्लायंट सर्टिफिकेट, म्हणजे फाइल पाठवणाऱ्याचं डिजिटल ओळखपत्र, कंपल्सरी केलंय. आम्ही सीएसआर (सर्टिफिकेट मागायचा अर्ज) पाठवला, त्यांच्याकडून .सीईआर फाइल आली, ती कोडमध्ये फाइल पाठवणाऱ्या एफटीपीवेबरिक्वेस्टच्या क्लायंटसर्टिफिकेट्समध्ये ॲड केली, एन्क्रिप्शनचं एनेबलएसएसएल पण ट्रू आहे. आमच्या कोडमध्ये ती ॲड करताना एरर येत नाही, तरी सर्व्हर म्हणतो सर्टिफिकेट आलंच नाही. तीन दिवस गेले यात. काय चुकतंय?
— एक वाचक, नाशिक

उत्तर: तुमचा कोड बरोबर वाटतोय, घोळ त्या फाइलमध्ये आहे. .सीईआरमध्ये फक्त सर्टिफिकेट असतं, म्हणजे नाव, मुदत, पब्लिक की आणि देणाऱ्याची सही. ते कुणालाही दाखवता येतं, म्हणून नुसतं दाखवून सर्व्हरचं समाधान होत नाही, हँडशेकमध्ये, म्हणजे कनेक्शन जुळवतानाच्या ओळखपरेडमध्ये, तुमच्या बाजूने प्रायव्हेट कीने (पब्लिक कीची जोडीदार, फक्त तुमच्याकडे असणारी गुप्त की) सही करून द्यावी लागते तेव्हा कुठे तो मानतो की हे सर्टिफिकेट खरंच तुमचं आहे. ही प्रायव्हेट की नसेल तर डॉटनेट (सी शार्पचा कोड ज्यावर चालतो ते) ते सर्टिफिकेट गुपचूप बाजूला ठेवतं आणि रिकाम्या हाताने पुढे जातं, त्यामुळे तुम्हाला वाटतं आपण दिलं आणि समोरच्याला काही मिळालेलंच नसतं. एक लाइन टाकून सर्टिफिकेटचं हॅजप्रायव्हेटकी (की सोबत आहे का ते सांगतं) प्रिंट करून बघा. फॉल्स येईल असं मला जवळजवळ नक्की वाटतंय.

प्रायव्हेट की क्लायंटकडे मागू नका, त्यांच्याकडे ती नाहीच. ज्या मशीनवर सीएसआर बनवला तिथेच ती आहे. ओपनएसएसएल या टूलने बनवला असेल तर बाजूला .की फाइल पडलेली असेल, पीकेसीएस१२ कमांडला -एक्स्पोर्ट लावून सर्टिफिकेट आणि की दोन्हीची मिळून एक .पीएफएक्स फाइल करा आणि ती इम्पोर्ट करा. विंडोजमधूनच बनवला असेल तर त्याच मशीनवर आलेली .सीईआर देऊन सर्टरिक -ॲक्सेप्ट ही कमांड चालवा, जोडी जुळते. मग विंडोजच्या सर्टिफिकेट स्टोअरमध्ये (विंडोज सर्टिफिकेटं ठेवतं ती जागा) जाऊन तिथलं सर्टिफिकेट डबल क्लिक करून उघडा, खाली छोटी किल्ली आणि 'प्रायव्हेट की आहे' अशी ओळ दिसली म्हणजे झालं. आणि ते मशीन फॉरमॅट झालं असेल तर उगाच शोधत बसू नका, नवीन सीएसआर पाठवा.

आता पुढचा खड्डा, यात खूप जण पडतात. दिवसा तुमच्या लॉगिनने फाइल जाते आणि रात्री टास्क शेड्युलरमधून (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारं विंडोजचं टूल) जात नाही, कारण जॉब दुसऱ्या अकाउंटने चालतो आणि त्याला तुमच्या यूजर स्टोअरमधली की दिसत नाही. सर्टिफिकेट कीसकट लोकल मशीन स्टोअरमध्ये टाका आणि मॅनेज प्रायव्हेट कीजमध्ये जाऊन त्या अकाउंटला रीड परवानगी द्या, फुल कंट्रोलची गरज नाही.

एक कळकळीची विनंती. वैतागून सर्व्हर सर्टिफिकेट व्हॅलिडेशनच्या कॉलबॅकमध्ये (समोरचा सर्व्हर खरा आहे का हे तपासणारा कोड) रिटर्न ट्रू, म्हणजे काहीही चालेल, असं टाकलं असेल तर आजच काढा. तुमच्या अडचणीशी त्याचा संबंधच नाही, आणि ते ठेवलं तर मध्ये बसलेल्या कुणालाही सर्व्हर समजून तुम्ही पेमेंटची फाइल देऊन बसाल, हे पैसे शेवटी कुणाच्या तरी पगाराचे असतात.

एवढं करूनही अडलं तर लॉग पाठवा, पासवर्ड खोडून. .पीएफएक्स मात्र कुणालाच मेल करू नका, त्यात तुमची प्रायव्हेट की असते, आम्हालाही नाही.